ओटल्यावरची चार पोरं

इंदूर, रविवार रात्र

प्रिय दिन्या,

आठ महिन्यांच्या शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझं बीपी, आईचे गुडघे, सगळं जैसे थे.

फोनवर तू हसून उडवशील म्हणून लिहितोय. मी एका सर्वेक्षणात आहे. वयात येणारी मुलं राहतात त्या गल्ल्यांतली अव्यवस्था मोजायची. एकच गल्ली दोघांनी वेगवेगळं फिरून फॉर्म भरायचा. कचरा, फुटक्या बाटल्या, रंगवलेल्या भिंती एकीकडे. उघड्यावरची दारू, मारामाऱ्या, टोळकी दुसरीकडे. मूळ प्रकार शिकागोचा. १९९५ मध्ये सॅम्पसन आणि राउडनबुश या दोन संशोधकांच्या माणसांनी गाडीत व्हिडिओ कॅमेरे लावून, रांगत्या चालीनं रस्त्यांचे २३,००० हून जास्त तुकडे टिपले. आपल्याकडे कचऱ्याचे रकाने कोरेच. २०१७ मध्ये स्वच्छतेत पहिले आलो तेव्हापासून थोटूक शोधायला भिंग लागतं, भिया! मग सगळा भार पोरांवर.

काल रामबागेत, आपल्याच ओटल्यावर चार पोरं. एक सिगारेट, मोबाइलवर गाणी. त्यात तुझा पुतण्या. (सिगारेट त्याची नव्हती.) मी लिहिलं, "मुलं गप्पा मारताहेत." अर्ध्या तासानं नाल्यापलीकडे तशीच चार, एकच सिगारेट, गाणीसुद्धा नाहीत. मी बेधडक "टोळकं"वर खूण केली. माझ्या जोडीची पोरगी बावीसची. तिच्या दोन्ही खुणा सारख्या. "काका, फरक काय होता?" म्हटलं, "तिकडची जरा तशीच वाटली." बोललो आणि कान तापले.

त्याच सॅम्पसन आणि राउडनबुश यांनी २००४ मध्ये दाखवलं होतं की रस्त्यावरची अव्यवस्था तेवढीच असली, तरी वस्तीत काळे आणि गरीब लोक जितके जास्त, तितकी ती लोकांना जास्त दिसते. हे नव्या पोरांना समजावून सांगणारा मीच रे!

दहावीतली ती रात्र आठव. हवालदारानं हाकललं, तू म्हणालास, "आम्ही रामबागेतले," आणि आपण सुटलो. कल्लू पलीकडचा, तो सकाळपर्यंत चौकीत. मी पळालो नव्हतो, चप्पल शोधत होतो. किती वर्षं तेच तेच ऐकवणार?

फॉर्म उद्या द्यायचाय. खाडाखोड चालत नाही, दोघांचं न जुळणंही मोजतात. तसाच देतोय. कल्लूचा नंबर आहे का तुझ्याकडे?

बदली झाली म्हणे? बरं झालं. वहिनींना नमस्कार, चिनूचे मार्क कळव. लवंगेची शेव पाठवतोय.

तुझा,
बाळ्या

ता. क. सिगारेट तुझ्या पुतण्याचीच होती. दादाला बोलू नकोस.