अ‍ॅनालॉग चिपची पारख नॅनोमीटरने होत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात चिपविषयी हल्ली बरेच छापून येते आणि मी ते आवडीने वाचते. त्या बातम्यांत चिपची थोरवी बहुधा एकाच मापाने सांगितलेली असते: किती नॅनोमीटर. सात, पाच, तीन. मोबाइल आणि संगणकाच्या प्रोसेसरसाठी या मापाला अर्थ आहे. मी वजनमापन यंत्रांतल्या इलेक्ट्रॉनिक्सची रचना करते. माझ्या बोर्डांवरच्या बहुतेक चिप अ‍ॅनालॉग किंवा मिक्स्ड-सिग्नल असतात (सलग बदलणारे व्होल्टेज हाताळणाऱ्या, किंवा ते आणि अंक दोन्ही हाताळणाऱ्या) आणि त्यांची परीक्षा या मापाने करता येत नाही. ती कशाने होते, आणि नवी चिप हाती आल्यावर ती वापरणारे अभियंते तिच्याबद्दल काय बोलतात, हे वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

आधी आकडे मांडते. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या तबकाखाली लोडसेल असतो: धातूचा ठोकळा आणि त्यावर चिकटवलेले स्ट्रेनगेज (ताण पडला की रोध बदलणाऱ्या पट्ट्या). नेहमीच्या लोडसेलला ५ व्होल्ट दिले की पूर्ण भाराला बाहेर येतात जेमतेम १० मिलिव्होल्ट. काट्याचे ३,००० भाग धरले तर एका भागाच्या वाट्याला ३.३ मायक्रोव्होल्ट येतात. पडद्यावरचा आकडा थरथरू नये म्हणून आतून याच्याही दहाव्या हिश्शापर्यंत मोजावे लागते. आमचा सगळा झगडा या एवढ्याशा व्होल्टेजसाठी असतो.

आता जुन्या-नव्याची तुलना करते. ७४१ हा बारीक व्होल्टेज वाढवणारा ऑप-अ‍ॅम्प १९६८ साली फेअरचाइल्ड या चिप कंपनीत डेव्ह फुलागर यांनी रचला. त्याआधीचा बॉब विडलर यांचा ७०९ बाहेरून कपॅसिटर जोडल्याशिवाय स्थिर राहत नसे. फुलागर यांनी ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या आतच बसवला आणि जगभरच्या अभियंत्यांनी ७४१ उचलून धरला, कारण त्यांची रोजची एक डोकेदुखी गेली. पण त्याच्या साध्या प्रतीचा ऑफसेट, म्हणजे इनपुट शून्य असतानाही दिसणारे खोटे व्होल्टेज, ६ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. माझा संपूर्ण सिग्नलच १० मिलिव्होल्टचा! आजच्या ओपीए३३३ सारख्या चॉपर पद्धतीच्या ऑप-अ‍ॅम्पचा ऑफसेट जास्तीत जास्त १० मायक्रोव्होल्ट आहे, म्हणजे सहाशे पटींनी कमी. तापमान एक अंशाने बदलले तर तो सरकतो जास्तीत जास्त ०.०५ मायक्रोव्होल्ट. पुरवठ्यातून घेतलेला प्रवाह ७४१ च्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतका. ही प्रगती पाहून मला खरोखर आनंद होतो आणि ती मी रोज वापरते.

ही प्रगती केवळ ट्रान्झिस्टर लहान करून आलेली नाही. चॉपर आपल्या इनपुटची दिशा ठरावीक वेगाने आलटून पालटून स्वतःचा ऑफसेट सिग्नलपासून वेगळा काढतो. ती रचनेतली कल्पना आहे. ट्रान्झिस्टर फार लहान केले तर अ‍ॅनालॉगचे उलट नुकसान होते. त्यांना मिळणारे व्होल्टेज कमी होते, एकेका ट्रान्झिस्टरचा गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) घटतो आणि नॉइज (आपोआप येणारी थरथर) मात्र त्या प्रमाणात घटत नाही. १ पिकोफॅरडच्या कपॅसिटरवर व्होल्टेज पकडून ठेवायचे तर खोलीच्या तापमानाला त्यावर सुमारे ६४ मायक्रोव्होल्ट नॉइज येणारच. तो उष्णतेचा नॉइज आहे, कोणत्याही कारखान्याला तो टाळता आलेला नाही. कमी हवा असेल तर कपॅसिटर मोठा करा, म्हणजेच चिपवर जागा द्या. म्हणून १८० किंवा १३० नॅनोमीटरवर आजही नव्या, उत्तम अ‍ॅनालॉग चिप निघतात आणि त्यांना मागासलेल्या म्हणणे चूक आहे.

नॅनोमीटरसारखाच दुसरा फसवा आकडा म्हणजे बिट. जाहिरातीत २४ बिट लिहिलेले असते. २४ बिट म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ पायऱ्या. लोडसेलचे व्होल्टेज अंकांत बदलणाऱ्या कन्व्हर्टरचा पल्ला उणे २० ते अधिक २० मिलिव्होल्ट धरला तर एक पायरी २.४ नॅनोव्होल्टची झाली. अशा कन्व्हर्टरचा स्वतःचा नॉइज ५० नॅनोव्होल्ट आरएमएस (एक प्रकारची सरासरी) धरा. हा आकडा चांगलाच म्हणायचा. टोकापासून टोकापर्यंत तो सुमारे साडेसहापट, म्हणजे ३३० नॅनोव्होल्ट होतो. खालचे सात बिट त्यातच बुडाले, कामाचे उरले १७. माझ्या काट्याला १७ बिट बरोबर पुरतात: वर सांगितलेला दहावा हिस्सा हा तेवढाच येतो. चिप चांगली आहे. तिच्यावर छापलेला २४ हा आकडा मात्र ग्राहकाला, आणि नव्याने शिकून आलेल्या अभियंत्यालाही, भलतीच अपेक्षा ठेवायला लावतो. ‘नॉइजविरहित बिट किती?’ हा प्रश्न आमच्या क्षेत्रात सर्रास विचारला जातो. वृत्तपत्रातही तो विचारला जावा.

डेटाशीट (उत्पादकाचे चिपबद्दलचे माहितीपत्रक) कशी वाचतात हेही सांगते. पहिल्या पानावर असतात त्या टिपिकल किमती (नेहमी आढळणारी मूल्ये). त्या खोट्या नसतात, पण कंपनी त्यांची हमी देत नाही. हमीच्या किमती आतल्या तक्त्यात, ‘कमाल’ आणि ‘किमान’ या रकान्यांत असतात आणि त्यातही २५ अंशांची ओळ वेगळी, पूर्ण तापमान पल्ल्याची वेगळी. उत्पादनासाठी हजारो बोर्ड करायचे असतील तर रचना कमाल किमतीवरच करावी लागते. काही रकाने तर रिकामेच असतात. मी नवी डेटाशीट उघडते तेव्हा आधी ते रिकामे रकाने शोधते. त्यानंतर आलेख. पुरवठ्याचे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरचे उदाहरण घ्या: पुरवठ्यातला खडखडाट तो ७० डेसिबलने दाबतो असे पहिले पान सांगते, पण ते १ किलोहर्ट्झला. त्याच्यामागे बसवलेला स्विचिंग रेग्युलेटर चालू-बंद होतो मेगाहर्ट्झच्या घरात, आणि त्या वारंवारतेला आलेखातली रेघ कितीतरी खाली आलेली असते. हे लपवलेले नसते. पण बातमीदाराच्या हाती येणाऱ्या पत्रकात तो आलेख नसतो.

नवा कन्व्हर्टर आला की आमची पहिली चाचणी अगदी साधी: इनपुटची दोन्ही टोके एकमेकांना जोडायची, बोर्ड बंद डब्यात ठेवायचा आणि रात्रभर आकडे नोंदवत राहायचे. सकाळी आलेख काढला की खोलीचे तापमान कसे उतरले-चढले तेही त्यात ओळखू येते. त्यानंतर हेअर ड्रायरची ऊब, गार करणारा स्प्रे, आणि शेजारी वाजणारा मोबाइल. मोबाइलच्या रेडिओ लहरी जुन्या ऑप-अ‍ॅम्पच्या इनपुटला शिरून स्थिर (डीसी) चूक निर्माण करत; नव्या चिपांत त्याविरुद्ध गाळणी आतच बसवलेली असते आणि तिचा गुण डेटाशीटमध्ये मोजून दिलेला असतो. या सुधारणेवर एकही बातमी माझ्या वाचनात आलेली नाही. प्रत्यक्ष यंत्र वापरणाऱ्याला तिचा लाभ किती मोठा आहे!

अभियंत्यांची मते सारखी नसतात, आणि तो वादही वाचण्यासारखा असतो. माझा एक तरुण सहकारी म्हणतो, ‘‘मॅडम, ऑफसेट आणि गेन कशाला एवढे बघायचे? कॅलिब्रेशन करू आणि सॉफ्टवेअरमध्ये वजा करू.’’ त्याच्या म्हणण्यात बरेच तथ्य आहे. लोडसेलला दिलेले ५ व्होल्टच कन्व्हर्टरला रेफरन्स (तुलनेचे माप) म्हणून दिले तर ते व्होल्टेज थोडे हलले तरी दोन्हीकडे सारखेच हलते आणि वजन बदलत नाही. अशी जोडणी डोळ्यापुढे ठेवूनच नव्या मिक्स्ड-सिग्नल चिप रचलेल्या असतात. तांबे आणि सोल्डर यांच्या जोडावर अंशामागे एक ते तीन मायक्रोव्होल्ट आपोआप तयार होतात. एका अंशाच्या फरकाने काट्याचा जवळजवळ एक भाग सरकावा इतके ते मोठे असतात. लोडसेलच्या पुरवठ्याची दिशा उलटसुलट करून तीही चूक काढता येते आणि काही चिप हे स्वतःच करतात. पण नॉइज वजा होत नाही. आज २५ अंशांना केलेले कॅलिब्रेशन ४० अंशांना लागू पडेलच असे नाही. काळाबरोबर सरकणारी चूक तर कारखान्यातून यंत्र बाहेर पडल्यावरच सुरू होते. माझा कौल अजूनही आधी चांगला अ‍ॅनालॉग भाग आणि मग सॉफ्टवेअर, असाच आहे.

रासायनिक विश्लेषणाची उपकरणे करणारा दुसरा सहकारी मी ज्या चॉपरचे कौतुक केले त्याच्याजवळही जात नाही. त्याचे कारण पक्के आहे. पीएच मोजणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध १०० मेगाओहमच्या घरात असतो. चॉपरच्या स्विचांमुळे इनपुटमधून सरासरी १०० पिकोअँपिअर वाहिले तरी त्या रोधावर १० मिलिव्होल्ट पडतात. २५ अंशांना पीएचचा एक अंक म्हणजे सुमारे ५९ मिलिव्होल्ट. चूक झाली ०.१७ ची. त्याला फेम्टोअँपिअरमध्ये मोजावे लागेल इतका कमी प्रवाह घेणारा ऑप-अ‍ॅम्प लागतो, मग ऑफसेट थोडा जास्त असला तरी चालतो. एकच चिप माझ्याकडे पहिली येते आणि त्याच्याकडे नापास होते. म्हणूनच ‘सर्वांत अचूक चिप’ असा मथळा वाचला की मी विचारते, कशासाठी?

मिक्स्ड-सिग्नल चिपबद्दलची एक तक्रार फार जुनी आहे. पायांवर अ‍ॅनालॉग ग्राउंड आणि डिजिटल ग्राउंड अशी नावे असतात, म्हणून बोर्डाचे ग्राउंडही (सगळ्या व्होल्टेजची शून्य पातळी) मधोमध कापून दोन करायचे असा समज होतो. ती नावे चिपच्या आतल्या जोडण्यांची आहेत. बहुतेक कन्व्हर्टरचे हे दोन्ही पाय एकाच अखंड ग्राउंडला, अगदी जवळ जोडणे योग्य असते. गोंगाट करणारे भाग दूर ठेवणे हे खरे काम. उत्पादकांनी हे आपल्या टिपणांतून वारंवार सांगितले आहे, तरी कापलेली ग्राउंड अजून तपासणीला येतात.

वेष्टनाविषयी मात्र मला काळजी वाटते. चिप इतकी लहान होत चालली आहे की काही वेळा तिच्याभोवती प्लॅस्टिकही नसते. सिलिकॉनचा तुकडाच सोल्डरच्या गोळ्यांवर उपडा बसवतात. सिलिकॉनवर प्रकाश पडला की त्यात प्रवाह निर्माण होतो. २०१५ साली रास्पबेरी पाय २ बाजारात आला तेव्हा झेनॉन फ्लॅशने त्याचा फोटो काढला की तो बंद पडतो असे वापरणाऱ्यांनीच दाखवून दिले. कारण होते वीजपुरवठ्याची अशीच एक उघडी चिप. एवढ्या बारीक चिपच्या पायाला प्रोब लावता येत नाही, नादुरुस्त झाली तर हाताने बदलता येत नाही. ज्यांना यंत्र दहा-पंधरा वर्षे दुरुस्त करून चालवायचे आहे त्यांच्या बाजूने मी हे लिहिते आहे. नवी चिप काढा, पण तीच थोड्या मोठ्या, पाय दिसणाऱ्या वेष्टनातही द्या.

दुसरी काळजी पर्यायांची. ७४१ किंवा हान्स कामेन्झिंड यांनी सिग्नेटिक्ससाठी रचलेला ५५५ टायमर अनेक कंपन्या बनवत आल्या. एकाकडे नसला तर दुसऱ्याचा त्याच जागी बसतो. आजच्या बहुतेक नव्या मिक्स्ड-सिग्नल चिप एकच कंपनी बनवते. त्यात कंपन्याही एकत्र झाल्या: बर-ब्राऊन २००० साली आणि नॅशनल सेमीकंडक्टर २०११ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे गेल्या, लिनिअर टेक्नॉलॉजी २०१७ आणि मॅक्सिम २०२१ साली अ‍ॅनालॉग डिव्हायसेसकडे. कोविडच्या साथीच्या काळातल्या टंचाईत वीजपुरवठा सांभाळणाऱ्या साध्या चिपही मिळेनात, तेव्हा या एकाधिकाराचा अर्थ सर्वांना कळला. चिपचे गुण सांगताना ती आणखी कोण बनवते आणि किती वर्षे बनवत राहील हेही सांगितले गेले पाहिजे.

नॅशनलमध्ये रॉबर्ट पीज होते, लिनिअरमध्ये जिम विल्यम्स. दोघेही चिप स्वतः वापरून पाहत आणि कुठे अडले, कुठे जमले हे स्वतःच्या नावाने लिहीत. मी शिकले ते अशा लिखाणातून. दोघेही जून २०११ मध्ये गेले. तसे लिहिणारे आजही आहेत, पण मराठीत तसे लिखाण कुठे सापडत नाही. मराठीतून शिकलेले कितीतरी अभियंते आणि तंत्रज्ञ रोज या चिप जोडतात, मोजतात, बदलतात. त्यांना विचारा. चिप जाहीर झाली त्या दिवशी नको, ती वर्षभर यंत्रांत चालल्यावर विचारा.

आपण जागा दिलीत तर मी स्वतः लिहायला तयार आहे. सुरुवात व्होल्टेज रेफरन्सपासून (तुलनेसाठी पक्के व्होल्टेज देणाऱ्या चिपपासून) करीन: प्लॅस्टिकच्या वेष्टनातला रेफरन्स सोल्डरिंगच्या उष्णतेने आणि हवेतल्या दमटपणाने आपल्या ठरलेल्या व्होल्टेजवरून का सरकतो, आणि बोर्डावर त्याची जागा निवडताना काय पाहायचे.

आपली,
एक इलेक्ट्रॉनिक्स अभियंता