सीमेवरच्या शहरांचे नियम आधीच ठरायला हवेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महानगर प्रदेश म्हटला की आपल्याकडे चर्चा रंगते ती हद्दवाढीची. स्वित्झर्लंडमधल्या बासेलला ती सोयच नाही, कारण शहर संपते तिथे एका बाजूला फ्रान्स आणि दुसऱ्या बाजूला जर्मनी सुरू होतो. हजारो लोक रोज एका देशात राहून दुसऱ्यात नोकरी करतात. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, तरीही बासेलची आठ नंबरची ट्राम २०१४ पासून जर्मनीतल्या वाइलपर्यंत आणि तीन नंबरची २०१७ पासून फ्रान्समधल्या सां-लुईपर्यंत धावते. विमानतळ तर पूर्णपणे फ्रान्सच्या भूमीवर आहे. १९४९ च्या करारानुसार फ्रान्स आणि स्वित्झर्लंड तो मिळून चालवतात, आणि बासेलहून तिथे जायला कुंपण घातलेला वेगळा रस्ता आहे, त्यावर फ्रान्सची जकात लागत नाही.

हे सगळे शेजारधर्मातून आपोआप घडलेले नाही. १ नोव्हेंबर १९८६ ला बासेलजवळच्या सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशके ऱ्हाईनमध्ये गेली, नदी लाल झाली आणि प्रवाहात खाली जर्मनीत दूरवर मासे मेले. ऱ्हाईनसाठी आंतरराष्ट्रीय आयोग १९५० पासून होता. त्याचा धडाडीचा कृती कार्यक्रम मात्र आला १९८७ मध्ये, म्हणजे नदीची ही दशा झाल्यावर.

२००७ मध्ये तिन्ही देशांच्या नगरपालिकांनी एकत्र येऊन बासेलचा त्रिराष्ट्रीय युरोडिस्ट्रिक्ट, म्हणजे सीमेपलीकडच्या सहकार्यासाठीची संघटना, स्थापन केला. तरीही १६ मार्च २०२० ला जर्मनीने कोरोनामुळे सीमेवर निर्बंध घातले, तेव्हा निर्णय बर्लिनमध्ये झाला. कामावर जाणाऱ्यांना सोडले, पण लग्न न झालेल्या जोडीदारांची कित्येक आठवडे ताटातूट झाली. वर्षानुवर्षे एकत्र बसणाऱ्या नगरपालिकांच्या हाती त्या घडीला काहीच नव्हते. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते. ट्राम आणि पूल बांधता येतात, पण संकटात कोणाला जाऊ द्यायचे आणि ते कोणी ठरवायचे, हे आधी लिहून ठेवले नसेल तर शेवटी राजधानीचाच शब्द चालतो.

आमच्याकडे तर सीमा दोन देशांची नाही, दोन राज्यांची आहे. सिंधुदुर्गातले अत्यवस्थ रुग्ण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये जातात, दोडामार्ग-सावंतवाडीची मुले गोव्यात कामाला जातात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांचीही कोंडी झाली. रुग्णवाहिका, रुग्ण आणि रोज ये-जा करणारे कामगार यांच्यासाठी दोन्ही राज्यांनी लेखी करार करावा, त्यात सीमेलगतच्या तालुक्यांनाही बोलण्याचा हक्क असावा, आणि हे काम आता, सगळे सुरळीत असतानाच, हाती घ्यावे, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी