फोन डाव्या कानाला लाव

पार्से, पेडणे
३ डिसेंबर

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, पोर खूश आहे. मी हो म्हटलं. चेन्नईच्या आर्मी ट्रेनिंगमध्ये पहिल्याच फायरिंगला पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या, हे तिने संध्याकाळपर्यंत शिरोड्याच्या आत्यालाही कळवलं. मग तू हसत हसत म्हणालीस, ‘डाव्या कानात दोन दिवस शीळ वाजत होती, आता थांबली.’ ते वाक्य तिने ऐकलं की नाही माहीत नाही. मी ऐकलं.

कानाविषयी लिहायचं नाही असं ठरवूनच कागद घेतला होता. आज ३ डिसेंबर. १९७१ साली याच संध्याकाळी पाकिस्तानी विमानं आपल्या धावपट्ट्यांवर आली आणि युद्ध सुरू झालं. तेरा दिवसांनी विजयदिन, त्यानंतर तिसऱ्या दिवशी आपला गोव्याचा मुक्तिदिन. आबा असताना हे दोन्ही दिवस आपल्या घरी कसे व्हायचे ते तुला आठवतं. म्हणून आबांच्या फौजेतल्या दिवसांविषयी लिहावं म्हटलं. पण आबांविषयी लिहायला बसलं की कान येतोच.

सोप्यावर त्यांची खुर्ची खांबाला डावी बाजू लावून असायची, कारण मग बोलणारा माणूस उजवीकडूनच येणार. जेवायला त्यांच्या उजव्या हाताची जागा तुझी. तू पाच वर्षांची असल्यापासून खांद्याला हात लावून, मग तोंडासमोर येऊन त्यांच्याशी बोलायचीस. तुला ते कोणी शिकवलं नव्हतं. आणि तरीही तू आर्मीत जायचं म्हणालीस तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. ती त्यांना ऐकू आल्याची मान होती, की काही कळलं नाही तरी समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून ते हलवत ती, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

काल त्यांची ट्रंक उघडली. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडलच्या डबीखाली कानाच्या तपासणीचा तो कागद घडी घालून ठेवलेला आहे. तू इंजिनिअर आहेस, आलेख वाचता येतो तुला, म्हणून नीट सांगतो. आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी, २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत. उभ्या रेषेवर डेसिबल, खाली जावं तितकं ऐकू कमी. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. आबांच्या निळ्या फुल्या १००० पर्यंत बऱ्यापैकी वर आहेत, २००० ला उतरतात, ४००० ला विहिरीत पडल्यासारख्या खाली जातात आणि ८००० ला थोड्या वर येतात. हा ४००० चा खड्डा म्हणजे गोळीबार आणि स्फोट यांची सही. म्हातारपणाने कान गेला असता तर रेष शेवटपर्यंत उतरतच गेली असती.

त्या खड्ड्यात काय काय गेलं बघ. स, श, फ ही अक्षरं वरच्या पट्टीत असतात, स्वर खालच्या. म्हणून आबांना आवाज यायचा आणि शब्द यायचा नाही. ‘सात’ आणि ‘हात’ त्यांना एकच. ‘मोठ्याने बोल’ असं ते कधीच म्हणाले नाहीत, ‘स्पष्ट बोल’ म्हणायचे, आणि आम्ही उगाच ओरडत राहिलो. बाईमाणसाचा आणि मुलांचा आवाज आधी जातो. बापू काका सोप्यावर बोलले तर त्यांना कळायचं, तुझं कळायचं नाही. तू अबोल आहेस असंच त्यांचं मत होतं, शेवटपर्यंत.

घरात सगळे धरून चाललो होतो की कान सुरुंगांनी नेला. डॉक्टरांनी कागद बघून पहिला प्रश्न विचारला, ‘रायफल उजव्या खांद्याला लावत होता ना?’ उजव्या खांद्याला रायफल, गाल दस्त्याला टेकलेला, म्हणजे डावा कान नळीच्या तोंडाकडे वळतो आणि उजव्यावर डोक्याची सावली पडते. आबांच्या काळी एसएलआर होती, तुझ्या हातात इन्सास आहे. गोळी लहान झाली म्हणून आवाज निरुपद्रवी झालेला नाही. १४० डेसिबलच्या वरचा एकच धमाकाही कानाला इजा करू शकतो आणि रायफल त्याच्या वरच असते. कानाच्या शंखात आवाज पकडणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. मेल्या की परत उगवत नाहीत. शीळ वाजते ती त्यांच्यावर मार बसला म्हणून. दोन दिवसांनी थांबली याचा अर्थ झालं गेलं पुसलं असा घेऊ नकोस. तपासणीत दिसायच्या आधीही आत नुकसान साचत असतं.

बघ, पुन्हा कानावरच आलो.

खरं म्हणजे त्यांचं काम सांगायचं होतं. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज मागे हटता हटता अस्नोड्याचा, बाणस्तारीचा पूल उडवत गेले, तेव्हा आबा सोळा वर्षांचे. पूल पाडायला किती वेळ लागतो नि उभारायला किती, हे त्या वर्षी कळलं, असं म्हणायचे. तीन वर्षांनी ते खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर्समध्ये, भरती झाले. १९७१ ला त्यांची कंपनी पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूला होती. त्या भागात लढाई रणगाड्यांची, आणि रणगाड्यांना अडवायला शेतांत, नाल्यांच्या काठांनी पेरलेले सुरुंग. पायदळ पुढे जातं, रणगाडे मागे खोळंबतात आणि मधली वाट सॅपरने मोकळी करायची, रात्री, पोटावर पडून.

त्यांची रीत तुला पाठ आहे, फक्त ती कुठून आली ते तुला कोणी सांगितलं नाही. पोरसातली काटेकणगां आठव, परसातले ते जमिनीतले कंद. कुदळ लावायची नाही. आधी वेल कुठे जमिनीत शिरलाय ते बघायचं, मग हाताने पाला-माती चाचपायची, मग सळई तिरपी, जमिनीशी तीस अंशांत, हलक्या हाताने. चार बोटं सोडून पुन्हा. लागलं की थांबायचं आणि बाजूने माती काढायची. सुरुंगाची दाबाची तबकडी वर असते, सळई तिरपी गेली की ती सुरुंगाच्या कुशीला लागते, उभी खुपसली तर तबकडीवर. बाह्या कोपराच्या वर दुमडायच्या, कारण ताणलेली बारीक तार उघड्या कातडीला आधी कळते. एचएमटीचं घड्याळ काढून खिशात ठेवायचं. पोरसात काम करतानाही ते काढायचे, आणि तुझी आजी म्हणायची मातीने खराब होईल म्हणून काढतात.

चुकतं कुठे तेही ते सांगायचे, फुशारकी कधी नाही. जमीन कडक असली की सळई जात नाही आणि माणूस जोर लावतो. तिथे जोर नाही, माती पाण्याने भिजवून मऊ करायची. नाल्याच्या वाळूत पेरलेला सुरुंग पाण्याने सरकतो, कलंडतो. नकाशा एक सांगतो आणि तो असतो दुसरीकडे, तबकडी आडवी करून. मग तिरपी सळईही धोक्याची. डिटेक्टर लोखंडावर बोलतो, प्लॅस्टिकच्या सुरुंगावर जवळजवळ गप्प राहतो. आणि सापडलेला सुरुंग हाताने उचलायचा नाही, खाली दुसरं काही लावलेलं असू शकतं. लांबून दोराने ओढायचा नाहीतर जागेवरच उडवायचा. मोकळ्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत. वाट टिचभर अरुंद झाली तरी चालेल, म्हणायचे, पण फीत खोटी लागता कामा नये, कारण मागून येणारा फक्त फीत बघतो.

बसंतर नदीच्या काठी १५ डिसेंबरच्या रात्री सॅपर्सची वाट निम्मीच झाली होती, तेवढ्यात पलीकडे शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसली. पूना हॉर्सचे रणगाडे उरलेल्या सुरुंगांतूनच पुढे गेले. दुसऱ्या दिवशी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जळत्या रणगाड्यातून उतरले नाहीत. परमवीर चक्र. वय एकवीस. जूनमध्ये कमिशन, डिसेंबरात गेले.

तू बावीसची.

हे वाक्य खोडायला हवं होतं. राहू दे.

पश्चिमेची लढाई १७ तारखेच्या रात्री आठ वाजता थांबली, सुरुंगांना ते कोण सांगणार? शेतकरी परत येणार, गुरं सुटणार, म्हणून काढायचं काम पुढे महिनोन्महिने चाललं. जागेवर उडवायचे ते तेव्हाच. एकेका दिवशी कितीतरी. फितीच्या आत काम करताना कानात काही घालता येत नाही, सोबत्याची हाक ऐकू यावी लागते. आणि स्फोटाच्या वेळी बोटं कानात घालायची तर एक हात दोरीला. शीळ त्यांच्याही कानात वाजायची. संध्याकाळी थांबायची. ते पण हसत सांगायचे सगळं.

तुझी आई म्हणते, पोरीला शिकवू नकोस, तिला शिकवायला तिथे माणसं आहेत. खरं आहे. मेडिकलला तुझे दोन्ही कान नीट निघाले, सहावीत फुटला होता तोसुद्धा, तेव्हा मी देवाला नारळ दिला आणि कोणाला सांगितलं नाही. तू इंजिनिअर्सच मागितलंस, पहिल्या पसंतीला, हे बापू काका देवळात जो भेटेल त्याला सांगतात, आणि मी शेजारी उभा राहून ऐकतो. पण तूच सांगितलंस म्हणून विचारतो. ‘कमांड ऐकू येत नव्हती म्हणून एका कानातला प्लग काढला.’ तो डावाच ना? प्लग काढायचा नाही, बाय. कमांड ऐकू आली नाही तर शेजारच्या मुलीकडे बघ, हात वर कर, पुन्हा विचार. चार माणसांत पुन्हा विचारायची लाज वाटते म्हणून प्लग काढायचा आणि मग जन्मभर प्रत्येक माणसाला ‘काय म्हणालात?’ विचारायचं, याला काही अर्थ आहे का? मागे पडू, रेलिगेट होऊन मागच्या कोर्सला जाऊ, या भीतीने दुखणं लपवायचं हेही मला पसंत नाही. कान बंद झाल्यासारखा वाटला, एका बाजूने ऐकू कमी आलं, तर त्याच दिवशी एमआय रूमला, तिथल्या दवाखान्यात, जायचं. अशा वेळी औषधाचा उपयोग पहिल्या एक-दोन दिवसांत जास्त, पंधरवड्यानंतर फारसा नाही.

रागावलो. क्षमा कर. दिवसभर धावून आल्यावर बापाचं असलं पत्र वाचायला मिळू नये.

पार्सलमध्ये आईचे बेसनाचे लाडू वर आहेत, खाली निळ्या डबीत फोमचे प्लग, दहा जोड्या. दोरीचे रबरी दोन, गळ्यात राहतात, हरवत नाहीत. फोमचा घालायची पद्धत आहे आणि बहुतेक लोक ती चुकवतात. हात कोरडे आणि स्वच्छ. प्लग बोटांत वळून समईच्या वातीसारखा बारीक करायचा, सुरकुती पडू द्यायची नाही. डाव्या कानासाठी उजवा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाकडी वाट सरळ होते. मग प्लग आत सारून बोटाने तीस अंक मोजेपर्यंत धरून ठेवायचा, नाहीतर तो फुगता फुगता बाहेर येतो. बरोबर बसला तर स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो. अर्धा बाहेर दिसत असेल तर बसलेला नाही, काढून पुन्हा. फायरिंग पॉइंटवर जायच्या आधी घालायचा आणि रेंज पूर्ण थांबेपर्यंत काढायचा नाही, शेजारची रायफलही तितकीच वाईट. कापसाचा बोळा घालू नकोस, तो आवाज जेमतेम अडवतो. मळला की फोम फेकून द्यायचा, धुवायचा नाही. चेन्नईच्या दमट हवेत घामट कानात घाणेरडा प्लग म्हणजे कान पिकलाच. आणि आजी घालायची ते लसणीचं खोबरेल तेल अजिबात नाही. आईने बाटली आत ठेवली होती, मी काढून घेतली. तिला कळवू नकोस.

यंदाची काटेकणगां अजून जमिनीतच आहेत. वेल सुकलाय. मुक्तिदिनाला काढीन, आबांच्याच सळईने.

रविवारी फोन आला की आधी डाव्या कानाला लाव. मी एक शब्द हळू म्हणेन, ‘सात’ किंवा ‘हात’. कुठला ते सांग, मग आईकडे देतो.

तुझे
पप्पा