दुष्काळाच्या काळात

प्रिय बाळ्या,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही. रागावला असशील, रागाव. पण हे तुलाच सांगायचंय.

लेकीकडे इटलीत आलोय. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. काल अरेझोहून छोट्या आगगाडीनं कासेंतिनोच्या खोऱ्यात गेलो, रोमेनाचं चर्च बघायला. अशा चर्चला 'प्येवे' म्हणतात. आसपासच्या खेड्यांत मिळून एक, पोरांचा बाप्तिस्मा तिथंच. मूळ शब्द लॅटिन 'प्लेब्स', म्हणजे साधी रयत. समोरून चर्च आखूड वाटतं, कारण १६७८ मध्ये दरड कोसळून पुढचे दोन खण गेले. मागं मात्र अर्धगोल भिंत आणि तिच्यावर कमानींच्या दोन रांगा, एकीवर एक. बघतच राहिलो. आत अखंड दगडाचे खांब.

एका खांबाच्या माथ्यावरची अक्षरं लेकीनं वाचून दाखवली. 'तेम्पोरे फामिस', दुष्काळाच्या काळात. साल ११५२.

बाळ्या, माझ्या कानात खडी फुटायला लागली. बहात्तर साल. तुझी आई नि माझी आई दुष्काळी कामाच्या एकाच मस्टरवर खडी फोडायला, आपण बाभळीखाली सुकडी चाटत बसलेले. घरी ती लाल मिलोची भाकरी. माझी सुकडी तू खाल्लीस, हे अजून कबूल केलं नाहीस!

आई आता मला ओळखत नाही. पहाटे उठून बसते नि विचारते, "मुकादम आला का? हजेरी लागली का माझी?" मी 'लागली' म्हणतो, मग झोपते. पण कुठं लागली रे? त्यांनी खपून बांधलेल्या आपल्या पाझर तलावावर एक अक्षर नाही. देवळातल्या देणगीदारांच्या पाटीवरून आपण दोन वर्षं बोललो नव्हतो. नावं कोरायचीच नाहीत, हा माझा हट्ट चुकला. रोमेनात अल्बेरिको या पाद्रीचं नाव कोरलंय, दगड वाहणाऱ्यांचं एकही नाही. पण निदान दुष्काळ तरी कोरलाय.

बांधावर एक दगड बसवू. वर 'दुष्काळ, १९७२', खाली बायकांची नावं. खर्च माझा.

सूनबाई सुखरूप सुटली ना? कांद्याचे पैसे आले का?

रात्री बसून अकरा नावं लिहिली. पहिलं तुझ्या आईचं. वरच्या आळीची ती तोतरी मावशी, जी आपल्याला चिंचा द्यायची, तिचं नाव काय रे? गावात विचारून लगेच कळव.

तुझाच,
अण्णा