आजारी माणसाला वेळेत दवाखान्यात पोचवण्यासाठी निधी : गावकऱ्यांना आणि गावाबाहेरच्या लेकरांना आवाहन

गावकरी मंडळींनो, आणि नोकरीधंद्यासाठी नागपूर-पुण्याला गेलेल्या आमच्या लेकी-लेकांनो, सप्रेम नमस्कार.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आपल्या गावातल्या एका शेतमजूर ताईंचा गाल दुखायला लागला. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस, रोज बुडवणं परवडणारं नव्हतं. दातदुखी समजून त्यांनी लवंग धरली आणि कामावर गेल्या. साखरेचा आजार जुना. गुडघ्यांसाठी कुणीतरी दिलेल्या गोळ्या वर्षभर चालू. त्यांत स्टेरॉइड होतं, हे फार पुढे कळलं. नवव्या दिवशी डोळा सुजून मिटला, तेव्हा कुठे गाडीची सोय झाली. निदान निघालं म्युकरमायकोसिसचं, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचं. जीव वाचला, डोळा गेला. "नाव नका टाकू, पण माझं झालं ते सांगा," असं त्या स्वतःच म्हणाल्या, म्हणून हे लिहितो आहोत.

2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' घरोघरी माहीत झाली. लाट ओसरली तसे आपण तिला विसरलो, पण बुरशी कुठेच गेलेली नाही. मातीत, शेणखतात, भिजलेल्या कुटारात ती बारमाही असते आणि मळणीच्या धुळीबरोबर आपल्या सगळ्यांच्या नाकात जाते. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. ज्याची साखर आटोक्यात नाही, कॅन्सरची औषधं चालू आहेत, किडनी बदललेली आहे किंवा स्टेरॉइड पोटात जातंय, त्याचं शरीर तिला अडवू शकत नाही. मग ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त अडतं आणि मांस मरून काळं पडतं. काळा रंग त्या मेलेल्या मांसाचा असतो. तो दिसेपर्यंत वाट पाहिली तर फार उशीर झालेला असतो. चेहऱ्याची एकच बाजू दुखणं, सुजणं किंवा बधिर होणं, दात अचानक हलणं, एकाचे दोन दिसणं, एवढ्यावरच निघायचं.

एचआयव्हीच्या रुग्णांना दुसऱ्या एका बुरशीचा धोका असतो. पारव्यांच्या विष्ठेत सापडणारी क्रिप्टोकॉकस फुप्फुसातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचते. औषध सुटलेल्या माणसाचं डोकं दुखणं आठवडाभर थांबत नसेल, तर त्याला ऊन लागलं म्हणून घरी ठेवू नका.

आणि म्युकर माणसाकडून माणसाला लागत नाही. त्या ताई परत आल्या तेव्हा नळावर बायका बाजूला सरकल्या. आम्हाला त्याचं फार वाईट वाटलं.

म्युकरवर उपचार म्हणजे ऑपरेशन आणि ॲम्फोटेरिसिन हे बुरशी मारणारं इंजेक्शन. त्याचा लिपोसोमल (चरबीच्या बारीक कणांत भरलेला) प्रकार सहसा किलोमागे 5 मिलिग्रॅम रोज देतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 मिलिग्रॅमच्या 6 बाटल्या एका दिवसाला, आणि हे कित्येक आठवडे. किडनीला त्रास होऊ नये म्हणून रक्ताच्या तपासण्या वारंवार. दवाखान्याचा मोठा खर्च सरकारी योजनेतून भागू शकतो. पण रात्रीचं गाडीभाडं, सोबत राहणाऱ्याचं दोन वेळचं जेवण, दोघांचा बुडालेला रोज याला योजना पुरत नाही, आणि आपला माणूस पाय मागे घेतो तो इथेच. त्या ताईंचे नऊ दिवस यातच गेले.

त्यासाठी समितीने निधी सुरू केला आहे. घरटी 100 रुपये द्यावेत. ज्यांचं सोयाबीन विकलं गेलं, त्यांनी क्विंटलमागे 10 रुपये दिले तर निधीला चांगला हातभार लागेल. ज्यांना जमत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये; निधी त्यांच्यासाठीही तेवढाच आहे. पैसे फक्त ग्रामपंचायत कार्यालयात द्यावेत आणि पावती घ्यावी. जमाखर्च प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवू.

पैशाइतकीच माणसांची गरज आहे. ज्यांच्याकडे चारचाकी आहे, त्यांनी आठवड्यातली एक रात्र आपल्या नावावर घ्यावी. सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला सोबत जाऊन केसपेपर काढून देणारी, डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगणारी शिकलेली पोरं-पोरी हवीत. नागपुरात राहणाऱ्या गावकऱ्यांपैकी कुणी नातेवाइकाला झोपायला एक खोली देऊ शकलं, तर आधी तेच कळवा. साखर तपासायच्या पट्ट्याही हव्यात. आशाताईंकडच्या संपत आल्या आहेत.

वाहनांची यादी येत्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी समाजमंदिरात करणार आहोत. ताई स्वतः येणार आहेत.

आपली,
ग्राम आरोग्य समिती आणि गावातील महिला बचत गट