काळे तीळ खुशाल खा, ते मूळ मात्र नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केस गळू नयेत म्हणून चिनी लोक काय काय खातात, याची लांबलचक यादी आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचली. काळे तीळ, अक्रोड, काळे सोयाबीन, तुती, गोजी बेरी आणि त्यांच्याच पंगतीला ‘हे शौ वू’ नावाचे मूळ. माझी तक्रार या शेवटच्या पाहुण्याबद्दल आहे.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौला होतो. आता डोंबिवलीत मेडिकलच्या दुकानात काउंटर सांभाळते. त्यामुळे तिथले स्वयंपाकघरही पाहिले आहे आणि इथले गिऱ्हाईकही रोज पाहते.

आधी तिळांबद्दल. तिकडे काळ्या तिळाची खीर करतात, तिला ‘जी मा वू’ म्हणतात. तांदूळ भिजत घालायचे, तीळ मंद आचेवर भाजायचे, दोन्ही पाणी घालून गंधासारखे वाटायचे आणि खडीसाखर टाकून ढवळत शिजवायचे. काळ्या तिळाचा रंग बदललेला कळत नाही, म्हणून शेजारच्या आजी कढईकडे बघतच नसत. तडतड ऐकून गॅस बंद करत. जरा उशीर झाला की खीर कडू. खाल्ल्यावर दात आणि ओठ काळे होतात, त्यामुळे पाहुण्यांसमोर हसायची पंचाईत! आपल्याकडे काळे तीळ म्हटले की तर्पण नाहीतर शनिवार. संक्रांतीच्या लाडवात ते कोणी घालू देत नाही. चवीला मात्र ते पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळापेक्षा सरस, असे माझे मत.

तिळावर एवढा भरवसा का, याचेही त्यांचे एक शास्त्र आहे. ‘हुआंगदी नेइजिंग’ या दोनेक हजार वर्षे जुन्या वैद्यकग्रंथात केसांचे तेज मूत्रपिंडावर अवलंबून असते असे म्हटले आहे, आणि पंचतत्त्वांच्या हिशेबात मूत्रपिंडाचा रंग काळा. म्हणून काळे ते केसांना चांगले. त्याच ग्रंथात बायकांचे आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मोजले आहे: ३५व्या वर्षी केस गळू लागतात, ४२व्या वर्षी पिकू लागतात. पुरुषांचे टप्पे आठ वर्षांचे. त्यांचे केस ४०व्या वर्षी गळू लागतात. निरीक्षण चोख आहे, हे कोणीही आरशात बघून मान्य करील. पण तिळाचा काळेपणा केसांत उतरतो, हे मात्र काही खरे नाही. तिळात लोह, जस्त, प्रथिने असतात, आणि ती कमी पडली तर केस गळतात, एवढाच तो संबंध.

बाळंतपणानंतरच्या केसगळतीचे घ्या. ग्वांगझौ ज्या प्रांतात आहे त्या ग्वांगडोंगमध्ये बाळंतिणीला आले आणि गोडसर काळ्या व्हिनेगरमध्ये शिजवलेले डुकराचे पाय व अंडी देतात, आपण अळिवाचे आणि डिंकाचे लाडू देतो. गरोदरपणात टिकून राहिलेले केस बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी एकदम गळतात आणि बहुतेकींचे वर्षभरात आपोआप पूर्ववत होतात. तेव्हा ताटात जे असेल, श्रेय त्याला! टायफॉइड, डेंग्यू किंवा कडक डाएटनंतरच्या गळतीचेही असेच.

आता ते मूळ. दंतकथा अशी, की ‘हे’ आडनावाच्या एका म्हाताऱ्याने ते खाल्ले आणि त्याचे पिकलेले केस काळे झाले. तांग राजवटीतल्या ली आओ या लेखकाने ती लिहून ठेवली आहे. पण त्या कथेच्या देशातही ते औषधाच्या दुकानात मिळते, तिळासारखे मुठीने घ्यायची वस्तू नाही. कच्चे मूळ जुलाब करते. म्हणून काळ्या सोयाबीनच्या काढ्यात वाफवून, सुकवून ते काळेकुट्ट झाल्यावर वापरतात. तरीही त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २००६ साली इशारा दिला. २०१४ साली खुद्द चीन सरकारने आरोग्यपूरक पदार्थांतले त्याचे रोजचे प्रमाण कच्च्या मुळासाठी १.५ ग्रॅम आणि प्रक्रिया केलेल्यासाठी ३ ग्रॅमच्या आत बांधून दिले. काही जणांच्या जनुकांत एक विशिष्ट प्रकार असतो, त्यांना धोका जास्त; पण तो प्रकार आपल्यात आहे की नाही, हे कोणाला ठाऊक असते?

आपल्या लेखात यातले अवाक्षर नाही, उलट ‘रोज एक चमचा पावडर कोमट पाण्यातून’ असे छापले आहे. त्याच आठवड्यात मोबाइलवर डबीचा फोटो दाखवत तीन-चार जण काउंटरवर येऊन गेले. एकाने तर ऑनलाइन मागवलीसुद्धा होती. लेबलवर ‘फो-टी’ असे याच मुळाचे दुसरे नाव, मूळ कच्चे की वाफवलेले याचा पत्ता नाही. तो आधीच कोलेस्टेरॉलची गोळी घेतो. त्याला डबी बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारायला सांगितले.

लेखिकेच्या हेतूबद्दल शंका नाही. पण येत्या रविवारी त्याच पानावर, तितक्याच ठळक टायपात एवढे छापावे: हे मूळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, यकृताचा आजार असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर मुळीच नाही. आणि ज्यांनी सुरू केले आहे त्यांना लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना जाणे, अंगाला खाज सुटणे यांपैकी काहीही जाणवले, तर त्यांनी ते तिथेच थांबवून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)