ऑफरवर सही करायच्या आधी

मित्रा,

त्या स्टार्टअपची ऑफर आली म्हणालास, फाउंडर स्वतः फोनवर तासभर बोलला म्हणालास, मस्तच. पण तिथलं कल्चर कसं ओळखायचं हे जे तू विचारलंस ना त्यावर जरा निवांत लिहितो, कारण मी आमच्याकडे आलो तेव्हा आम्ही १२ जण होतो आणि आता ६० झालोत.

१२ जण असताना कल्चर हा शब्दच कोणी काढत नव्हतं, क्लायंट सुटला तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत. मग हायरिंग सुरू झालं. साधं गणित बघ, १२ माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात ६६ आणि ६० माणसांत १,७७०, माणसं फक्त पाचपट वाढली पण कोणाला तरी काहीतरी सांगायचं राहून गेलं याच्या जागा जवळजवळ सत्तावीसपट. म्हणून मग मधे मॅनेजर येतात. आणि मॅनेजर कोण, तर झकास कोड लिहिणारा एखादा पोरगा, त्याला कोणी काही शिकवलेलं नसतं, बिचारा दिवसभर मीटिंगा आणि रात्री कोड, आणि टीमची कुरकुर वर सांगायला घाबरतो. आमच्याकडचा निम्मा वैताग इथूनच येतो बघ, राजकारण-बिजकारण नंतर.

एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्स तपासल्या, तर चांगल्या टीम्समध्येच चुकांची नोंद जास्त दिसली! चुका जास्त व्हायच्या म्हणून नाही, तिथे बोलायची भीती नव्हती म्हणून. त्यामुळे "आमच्याकडे काही प्रॉब्लेमच नाही" असं कोणी म्हणालं की मला जरा शंकाच येते.

तू एचआरला नको विचारूस, टीममधल्या कोणाला तरी गाठ आणि विचार, शेवटचं कोण सोडून गेलं, का गेलं, आणि टीमला ते कधी कळलं. उत्तर देताना तो इकडेतिकडे बघायला लागला तर समजून जा.

आणि हो, ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर्स आधीच ठरलेल्या किमतीला घ्यायचा जो हक्क नोकरीबरोबर देतात तो. नुसतं "१०,००० ऑप्शन्स" ऐकून हुरळून जाऊ नकोस, कंपनीचे एकूण शेअर्स किती ते विचार, नाहीतर त्या आकड्याला काही अर्थ नाही. सहसा ४ वर्षांचं वेस्टिंग (तेवढ्या काळात हक्क हळूहळू आपल्या नावावर होतो) आणि १ वर्षाचा क्लिफ (त्याआधी काहीच मिळत नाही) असतो, म्हणजे अकराव्या महिन्यात सोडलंस तर हातात भोपळा. सोडल्यावर एक्सरसाइज करायला, म्हणजे ते शेअर्स खरंच विकत घ्यायला, किती दिवस देतात तेही बघ, बऱ्याच ठिकाणी ९० च असतात आणि पैसे आपल्याच खिशातून घालावे लागतात.

ते ईसॉपचं पान मला पाठव, रात्री वाचून फोन करतो. तोवर सही करू नकोस.

तुझाच